बोगदा आतून खणायचा असतो

मॅगझीनच्या मराठी पानांवर काय असतं ते मलाही माहीत आहे. पहिला पाऊस, शेवटचा बाक, आईस पत्र, मेसची भाजी आणि इंडस्ट्रियल व्हिजिटच्या बसमधली धमाल. त्यात हे पोर्ट, सर्व्हर आणि टनेलचं लेंढार कशाला, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने विचारलंच. "टेक्निकल सेक्शनला दे, इंग्लिशमध्ये," म्हणाली. पण टेक्निकल सेक्शन वाचतं कोण? लिहिणारा, आणि त्याचे गाईड. (गाईडचीही खात्री नाही.) मराठी पानं मात्र मेसच्या टेबलापासून स्टाफरूमपर्यंत फिरतात, आणि मला जे म्हणायचंय ते नेमकं या दोन्ही ठिकाणी पोचायला हवंय. म्हणून इथे. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं बिल कृपया संपादक मंडळाच्या नावावर फाडावं.

तर विषय आहे ती नोटीस. दिवाळीच्या सुट्टीवरून परत आलो तेव्हा नेटवर्क विभागाने ती लावलेली होती. होस्टेल किंवा लॅबमधल्या कोणत्याही मशीनवरून कॉलेजबाहेर 'टनेल' काढण्यास मनाई आहे, आढळल्यास लॅन कनेक्शन बंद करण्यात येईल. दोन ओळी, सही, शिक्का. माझं म्हणणं एवढंच की नोटिशीमागची भीती खरी आहे, पण उपाय उलटा आहे. टनेल बंद करण्याऐवजी कॉलेजने स्वतःचा टनेल सर्व्हर चालवावा. का, ते सांगते. पण आधी टनेल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आमच्या मजल्यावर निम्म्या जणींचा समज आहे की ही पेपर फोडायची काहीतरी सोय आहे.

होस्टेलच्या गेटवर वॉचमन काकांची वही असते. बाहेर जाताना आपण नाव, रूम नंबर, वेळ लिहितो. परत आलो की काका वहीत बघतात आणि आत सोडतात. वहीत नोंद नसलेलं कोणी आलं तर ते गेटवरच उभं. कॉलेजचा राउटर हेच करतो. माझ्या लॅपटॉपचा पत्ता १० या आकड्याने सुरू होतो. असले काही पत्ते १९९६ साली खाजगी वापरासाठी बाजूला काढून ठेवलेत. जगभरच्या हजारो होस्टेलांत हेच पत्ते असतील, आणि बाहेरच्या कोणाला ते दिसत नाहीत. मी बाहेर काही मागितलं की राउटर वहीत लिहितो, उत्तर आलं की नोंद बघून माझ्यापर्यंत पोचवतो. पण बाहेरून कोणी आपणहून आलं तर? नोंद नाही, प्रवेश नाही.

यात कोणाचा दुष्टपणा नाही. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण ४२९ कोटींच्या आसपास. ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं, आणि १९९४ साली एका पत्त्यामागे अनेक मशीन लपवायची ही युक्ती तात्पुरता उपाय म्हणून मांडली गेली. (तात्पुरता म्हणजे आपल्या मेसमागची पत्र्याची शेड तात्पुरती आहे तसा.) ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. मग इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीही हजारो गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये तर त्यासाठी १००.६४ ने सुरू होणारा पत्त्यांचा वेगळा गठ्ठाच राखून ठेवला गेला. म्हणजे होस्टेल सोडून घरी गेलात तरी सुटका नाही, घरच्या राउटरच्या वर आणखी एक वॉचमन बसलेला असतो. १२८ बिटांचे नवे पत्ते आहेत, आपल्या देशात मोबाइलवर ते भरपूर वापरलेही जातात. पण आपल्या कॅम्पसच्या लॅनवर ते नाहीत, आणि आले तरी फायरवॉल काही गेट सोडून जाणार नाही.

आता टनेल. लॅबमधल्या मशीनने बाहेरच्या एका सर्व्हरला आपणहून फोन लावायचा. आतून लावला, त्यामुळे वहीत नोंद झाली. मग तो फोन ठेवायचाच नाही. ज्याला लॅबमधल्या मशीनशी बोलायचंय त्याने त्या बाहेरच्या सर्व्हरकडे जायचं, आणि सर्व्हरने त्याचं बोलणं चालू फोनवरून आत सरकवायचं. झालं. खंडाळ्याच्या घाटात बोगदा डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणता येतो, इथे मात्र फक्त आतूनच खणता येतो. बराच वेळ कोणी बोललं नाही तर वॉचमन नोंद खोडून टाकतो, म्हणून अधूनमधून 'हॅलो, आहे ना?' म्हणत राहावं लागतं. वायरगार्ड नावाच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी सुचवलेला आकडा २५ सेकंदांचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे तर सगळं फुकट मिळतं! प्रोग्राम उतरवा, एक आज्ञा द्या, वेबसाइटचा पत्ता हातात. खरंय, वेबसाइट असेल तर. खरी मेख इथेच आहे, आणि सेकंड इयरच्या नेटवर्क्सच्या पेपरात ती कोणी सांगत नाही म्हणून मी जरा सविस्तर सांगणार आहे.

ब्राउझर जेव्हा एखाद्या सर्व्हरकडे पान मागतो तेव्हा 'मला अमुक नावाची साइट हवी' हे तो त्या मागणीतच लिहितो. १९९७ साली एचटीटीपीच्या १.१ आवृत्तीत हे नाव लिहिणं सक्तीचं झालं. त्यामुळे टनेल विकणारी कंपनी एकच पत्ता आणि एकच ४४३ नंबरचा पोर्ट ठेवून हजारो लोकांच्या साइट चालवू शकते. पाकिटावरचं नाव वाचायचं आणि ज्याच्या त्याच्या बोगद्यात टाकायचं. कंपनीला एका गिऱ्हाइकाचा खर्च जवळजवळ शून्य. म्हणून फुकट.

पण वेब सोडून जे आहे त्यातल्या बऱ्याच गोष्टींत पाकिटावर नावच नसतं. एसएसएच, पोस्टग्रेस, सेन्सरवाल्यांचं एमक्यूटीटी. हे सगळे नुसते एका नंबराच्या दारावर येऊन थडकतात आणि आपली भाषा बोलायला लागतात. एसएसएचचं दार २२, पोस्टग्रेसचं ५४३२, एमक्यूटीटीचं १८८३. कोणाकडे आलात हे ते सांगतच नाहीत, त्यामुळे ओळखायचा एकच मार्ग उरतो: प्रत्येकाला वेगळं दार. एका पत्त्याला दारं ६५,५३५. फुकट वाटत बसलं तर ती संपतात, आणि त्याआधीच त्यातल्या काहींवर चोर येऊन बसतात. म्हणून या सेवांकडे वेबशिवाय दुसरं काही न्यायला गेलात की अटी सुरू होतात. कोणी कार्ड मागतं, कोणी दर वेळी वेगळा नंबर देतं, आणि क्लाउडफ्लेअरच्या टनेलमधून साधा टीसीपी न्यायचा तर पलीकडच्या माणसालाही त्यांचा प्रोग्राम बसवावा लागतो. लॅपटॉपवर ते ठीक आहे. पण शेतातल्या दीडशे रुपयांच्या चिपवर काय बसवणार?

('पोर्ट'ला मराठीत काय म्हणतात म्हणून आईला फोन केला होता. ती म्हणाली, बंदर. म्हणजे माझ्या लॅपटॉपला पासष्ट हजार बंदरं आहेत आणि अख्ख्या कोकणात एवढी नाहीत! मी 'दार'च म्हणते.)

शेताचं उदाहरण हवेतलं नाही. आमच्या ग्रुपच्या प्रोजेक्टमध्ये तासगावजवळच्या एका द्राक्षबागेत सेन्सर लावलेत. बाग ग्रुपमधल्या मैत्रिणीच्या वडिलांची. ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढचे काही आठवडे काकांचा जीव टांगणीला असतो. हवा दमट, पानं रात्रभर ओली, आणि वर एखादा अवकाळी शिडकावा झाला की दावण्या आलाच. पान किती तास ओलं राहिलं आणि तेव्हा तापमान काय होतं, हे कळलं तर फवारणी नेमकी करता येते. नाहीतर भीतीपोटी होते, आणि भीतीपोटी केलेल्या फवारणीचे पैसे बागायतदारच भरतो. सेन्सर सिमकार्डवरून एमक्यूटीटीने आकडे पाठवतात. ही भाषा १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहावरून नजर ठेवण्यासाठी केली. तेव्हा उपग्रहाचं कनेक्शन महाग होतं, म्हणून ती मुद्दाम काटकसरी ठेवली. शेतातल्या सोलर पॅनेलवर चालणाऱ्या चिपला ती काटकसर बरोबर बसते. आकडे जमा करणारा प्रोग्राम आमच्या लॅबच्या मशीनवर, कारण मॉडेल तिथे आहे, ग्राफिक्स कार्ड तिथे आहे, जुना डेटा तिथे आहे. आणि त्या मशीनपर्यंत बाहेरून यायला वाट नाही.

म्हणून गाईड सरांच्या लेखी परवानगीने आम्ही एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. महिन्याला साधारण पाच डॉलर. पाच जणींत वाटले तर माणशी एका मिसळीचे पैसे. त्यावर लॅबच्या मशीनचा बोगदा टेकवला. दोन गोष्टी चालायच्या. एक, तासगावचे आकडे. दोन, रात्री होस्टेलमधून लॅबच्या मशीनवर काम.

ही दुसरी गोष्ट मुलांच्या होस्टेलला फारशी महत्त्वाची वाटणार नाही, कारण लॅब रात्री अकरापर्यंत उघडी असते आणि ते अकरापर्यंत बसतात. आमचं गेट साडेआठला बंद होतं. ते बरोबर की चूक हा वाद वेगळा आहे आणि रेक्टर मॅडमशी तो वेगळा चालू आहे. पण साडेआठ ते अकरा म्हणजे रोजचे अडीच तास. सहा दिवस धरले तर आठवड्याला पंधरा, आणि सबमिशनच्या महिन्यात हे पंधरा तास कुठून भरून काढायचे ते कोणी सांगावं. गेट न उघडता ते तास परत मिळवून देणारी एकच गोष्ट मला आजवर सापडली, ती म्हणजे २२ नंबरच्या दारापर्यंत जाणारा बोगदा. नोटीस लागली आणि त्याच आठवड्यात आमच्या लॅबच्या मशीनचं कनेक्शन काढलं गेलं. परवानगीचं पत्र दाखवलं. उत्तर आलं की नोटीस सर्वांना लागू आहे. तासगावचे आकडे थांबले, नेमके नोव्हेंबरात. काका काही बोलले नाहीत. पूर्वीसारखं आभाळाकडे बघून फवारायला लागले.

नेटवर्क विभागाच्या सरांना मी जाऊन भेटले. त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं, निदान अर्धं. आणि ते आपल्या होस्टेलमधल्या 'सगळं ओपन करा' म्हणणाऱ्या मंडळींनी ऐकायला हवं, म्हणून इथे सांगते.

दार उघडलं की ते दिसायला किती वेळ लागतो? २०१३ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झीमॅप नावाचा प्रोग्राम काढला. एक गिगाबिटची लाइन असेल तर अख्ख्या जगातल्या जुन्या पद्धतीच्या सगळ्या पत्त्यांचं एक दार तो पाऊण तासाच्या आत ठोठावून येतो. म्हणजे 'माझा पत्ता कोणाला माहीतच नाही' हे म्हणणं फुसकं आहे. नव्या सर्व्हरचं २२ नंबरचं दार उघडलं की काही मिनिटांत 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी कुलूप खटखटवणं सुरू होतं. विश्वास नसेल तर लॉग उघडून बघा, करमणूक आहे. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस असेच पुसले गेले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. कोणी कुलूप फोडलं नव्हतं, कुलूप लावलेलंच नव्हतं. त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर साठेक ठरावीक पासवर्ड वापरून ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच फौजेने डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास उघडेनात. मिराई लिहिणाऱ्यांपैकी एक जण रटगर्स विद्यापीठात शिकणारा मुलगा होता, आणि मूळ भांडण माइनक्राफ्टच्या सर्व्हरांच्या धंद्यातलं! २०१७ च्या डिसेंबरात त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, आपल्याच विद्यापीठाचं नेटवर्क पाडल्याचाही. सरांनी हे सांगितल्यावर मला नोटीस लावणाऱ्या माणसाची थोडी दया आली.

त्यात टनेलचा स्वतःचा एक खास धोका आहे, जो सरांनी सांगितला नाही, तो मी सांगते. बोगद्यातून आलेला प्रत्येक पाहुणा आतल्या मशीनला घरचा वाटतो. कारण त्याच्याशी बोलतो तो बोगद्याचा प्रोग्राम, आणि तो त्याच मशीनवर चालत असतो. रशियातून कोणी येवो की रत्नागिरीतून, लॉगमध्ये पत्ता एकच: १२७.०.०.१, म्हणजे मी स्वतः. याचे परिणाम बघा. चुकीचे पासवर्ड देणाऱ्यांना हाकलणारा फेल-टू-बॅन नावाचा रखवालदार स्वतःच्या पत्त्याला हात लावत नाही, म्हणून तो कोणालाच हाकलत नाही. रेडिसमध्ये २०१६ पासून अशी सोय आहे की पासवर्ड ठेवलेला नसेल तर फक्त त्याच मशीनवरच्यांना आत घ्यायचं. बोगदा लावला की ती सोय गेली बाऱ्याच्या भावात, कारण आता सगळं जगच 'त्याच मशीनवरचं' झालं. मूळ पत्ता सोबत पाठवणारा प्रॉक्सी प्रोटोकॉल नावाचा उपाय आहे, एफआरपीसारख्या टनेलच्या प्रोग्राममध्ये तो चालतो, पण आतल्या प्रोग्रामलाही तो समजावा लागतो. एसएसएचला तो समजत नाही. म्हणजे यूट्यूबवर दहा मिनिटांत टनेल लावून दाखवणारे जे भाऊ आहेत, ते चोराला घरच्याचे कपडे घालून आत पाठवतात आणि वर लाइक करा म्हणतात.

एवढं सगळं असूनही मी टनेलच्याच बाजूने आहे. कारण बंदीने हे थांबलेलं नाही. दिवाळीनंतर होस्टेलमध्ये टनेल कमी झालेत असं ज्यांना वाटतं त्यांनी कोणत्याही विंगमध्ये चक्कर मारावी. (नावं विचारू नयेत.) फरक इतकाच, की आता सगळे परदेशी कंपन्यांचे फुकटचे टनेल वापरतात, आणि ते ४४३ वरून जातात. बाहेरून बघताना एखादी साइट उघडल्यासारखंच दिसतं. आत काय आलं, कोणत्या दाराने, कधी, हे कॉलेजच्या लॉगमध्ये काही नाही. उद्या काही झालं तर? २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. कळवणार काय, तर 'आमच्याकडून कोणीतरी एका परदेशी कंपनीच्या साइटवर गेलं होतं.' बंदीने कॉलेजचा धोका वाढला आणि माहिती घटली, अशी माझी समजूत आहे. चुकत असेन तर सरांनी पुढच्या अंकात लिहावं, मराठीत.

स्वतःचा सर्व्हर असला की हे उलटं होतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. कॉलेजकडे बाहेरून दिसणारे पत्ते आहेत, त्यातला एक हवा. जुन्या लॅबमधून निघालेलं एक मशीन हवं. ते आतल्या नेटवर्कपासून वेगळं, फायरवॉलच्या बाहेरच्या खोलीत ठेवायचं. प्रोग्राम सगळे फुकट आणि उघडे. एसएसएचच घ्या. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात पासवर्ड चोरीला गेले म्हणून टाटू इलोनेन या तिथल्याच संशोधकाने ते लिहिलं, आणि टेलनेटच्या २३ व एफटीपीच्या २१ यांच्या मधला २२ नंबर मागून घेतला. त्यात उलटा बोगदा काढायची सोय आहे. ओपनएसएसएचवाल्यांनी मुद्दाम अशी रचना ठेवलीय, की सांगितल्याशिवाय बोगद्याचं बाहेरचं दार जगाला उघडत नाही, फक्त सर्व्हरच्या पोटातच उघडतं. आणि २०१८ पासून प्रत्येक चावीपुढे लिहिता येतं, की ही चावी अमुकच दार उघडू शकते, दुसरं काही नाही. म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला एक दार, नंबर ठरलेला, कोणी उघडलं ते लॉगमध्ये. सत्र संपलं की चावी रद्द.

एक मात्र आहे, एसएसएचच्या बोगद्यातून यूडीपी जात नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपीवर चालते, ती जाईल. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती यूडीपीच्या १९१३२ वर येते, ती नाही जाणार. तिथे एफआरपी वापरावा.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा जगाला दार उघडायची गरजच नसते. मला लॅबच्या मशीनवर जायचंय, मला एकटीला. त्यासाठी जगाला दिसणारं दार कशाला? इथे वायरगार्ड बरा. २०२० च्या मार्चपासून तो लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आत बसूनच आलेला आहे. माझा लॅपटॉप आणि लॅबचं मशीन दोघंही आतून सर्व्हरशी जोडतात आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. चावी नसलेल्याने कितीही ठोठावलं तरी वायरगार्ड साधी 'ओ' सुद्धा देत नाही. शिवाय आत आलेला कोण ते त्याच्या पत्त्यावरून कळतं, म्हणजे मघाचा घरच्याच्या कपड्यांचा घोटाळा इथे होत नाही. माझ्या मते डेटाबेस, रिमोट डेस्कटॉप आणि लॅबचं एसएसएच या तिघांना जगाला दिसणारं दार कधीच देऊ नये, कोणी कितीही गळ घातली तरी. ज्याला अनोळखी माणसाने किंवा मुक्या यंत्राने येणं हेच अपेक्षित आहे, त्यालाच उघडं दार. आमच्या तासगावच्या सेन्सरला, तेही १८८३ नव्हे, कूटबद्ध ८८८३. किंवा एक्स्टर्नलला दाखवायच्या डेमोला, त्या दिवसापुरतं.

आणखी एक फायदा आहे. होस्टेल आणि लॅबमध्ये तीनशे पावलं असतील. भाड्याचा सर्व्हर जर्मनीत असेल तर माझं एक अक्षर तीनशे पावलांवर जायला जर्मनीमार्गे जातं, आणि परत यायला शंभराहून जास्त मिलिसेकंद घेतं. टाइप करताना ते बोटांना जाणवतं. सर्व्हर कॅम्पसवर असला तर ते अक्षर गेटच्या बाहेरसुद्धा पडणार नाही.

'मग क्लाउडवरच टाका ना सगळं!' हे स्टाफरूममधलं आवडतं वाक्य. आकडे जमा करणारा छोटा प्रोग्राम टाकता येईल, कबूल. ग्राफिक्स कार्ड क्लाउडवर तासाच्या भावाने मिळतं, आणि ते कार्ड लॅबमध्ये रात्रभर रिकामं पडून असतं. ओळखीचं मशीन तीनशे पावलांवर असताना त्याचंच भाडं परक्याला देणं माझ्या मध्यमवर्गीय मनाला पटत नाही.

सरांचा एक प्रश्न मात्र असा आहे ज्याचं माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. तुम्ही पास होऊन गेल्यावर हा सर्व्हर बघणार कोण? आपल्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी उत्साहाने सुरू केलेल्या आणि नंतर बेवारस पडलेल्या गोष्टींची यादी मोठी आहे (रोबोटिक्स क्लबचं कपाट उघडून बघा), आणि बेवारस सर्व्हर बेवारस कपाटापेक्षा वाईट. त्याला अपडेट नाही मिळाले तर वर्षभरात तोच भोक होऊन बसेल. माझी सूचना अशी, की तो लॅब असिस्टंटच्या अधिकृत कामात धरावा, थर्ड इयरच्या दोघांना त्याचे टर्मवर्कचे मार्क द्यावेत, आणि जूनमध्ये नवे दोघे मिळाले नाहीत तर सर्व्हर सरळ बंद करावा. चालवायला माणूस नसेल तर सर्व्हरही नको, हे मला मान्य आहे.

अर्जाचा मसुदा गाईड सरांनी तपासून दिलाय. चावीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये पाच रकाने आहेत: कोणतं मशीन, आत काय चालतं, कोणासाठी, किती दिवस आणि जबाबदार शिक्षकाची सही. मुलींच्या होस्टेलमधल्या सह्या झाल्यात, मुलांच्या चालू आहेत. तिथे गाडी अडलीय ती गेमवर. दुसऱ्या रकान्यात 'माइनक्राफ्ट' लिहिलं तर चालेल का, असं ए विंगने विचारलंय, आणि आमच्या इथल्या तिघी म्हणतात की मग अर्जाची किंमत राहणार नाही. माझ्या मते शुक्रवारी रात्रीपासून रविवारपर्यंत चालावं. गेम का चालत नाही हे शोधताना जितकं नेटवर्क्स कळतं तितकं जर्नल उतरवताना कळत नाही, आणि चोरून चालवण्यापेक्षा फॉर्म भरून चालवलेलं नेटवर्क विभागालाही सोयीचं. सर मंगळवारी दुपारी तीननंतर भेटतात. सह्यांचा कागद लेडीज होस्टेलच्या कॉमन रूममध्ये, कॅरमच्या खाली आहे.